हृदयविकार आणि योगोपचार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हृदयाचे किंवा रक्ताभिसरणाचे दुखणे असलेल्यांसोबत मी योगोपचाराचे काम करते. पहिल्या भेटीत एक गोष्ट जवळपास प्रत्येकाकडे दिसते. "श्वास सोडा" म्हटले की ती व्यक्ती आधी मोठा श्वास घेते आणि तो तसाच धरून ठेवते. छातीत एकदा कळ येऊन गेली की माणूस छातीला जपत, श्वास आवरून जगू लागतो. तो धरलेला श्वास सुटावा यासाठीच माझी निम्मी खटपट असते. खालचे प्रश्न रुग्णांनी आणि त्यांच्या घरच्यांनी मला पुन्हा पुन्हा विचारलेले आहेत.

योगोपचार आणि नेहमीचा योगवर्ग यांत फरक काय?

योगवर्गात आसने ठरलेली असतात आणि माणसे त्यांत बसवली जातात. योगोपचारात आधी माणूस पाहायचा आणि मग त्याला झेपेल ते निवडायचे. मी पहिल्या दिवशी चटई उघडतच नाही. डिस्चार्ज कार्ड, इकोचा रिपोर्ट, गोळ्यांची यादी पाहते, जिना किती चढता येतो ते विचारते, रात्री किती उशा घेऊन झोपता तेही विचारते. उशांचा प्रश्न ऐकून लोक चमकतात. पण आडवे झाल्यावर दम लागतो म्हणून कोणी एकाच्या तीन उशा केल्या असतील, तर त्यांना सपाट शवासन द्यायचे नाही आणि आधी डॉक्टरांकडे पाठवायचे, एवढे त्या एका उत्तरातून कळते.

योगाने हृदयविकार बरा होतो का? ब्लॉकेज निघून जातात का?

केवळ योगाने ब्लॉकेज निघून जातात, असे मी कोणालाही सांगत नाही. तसे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

हा समज पसरण्यामागे एक खरा अभ्यास आहे. अमेरिकेतले डॉ. डीन ऑर्निश यांनी १९९० साली ४८ रुग्णांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. एका वर्षानंतरच्या ॲन्जिओग्राफीत, जीवनशैली बदललेल्या गटातल्या बऱ्याच जणांच्या धमन्यांचा अरुंदपणा थोडा कमी झालेला दिसला. पण त्या गटाने अत्यंत कमी चरबीचा शाकाहार घेतला होता, धूम्रपान सोडले होते, नियमित व्यायाम केला होता, शिवाय ताण कमी करण्यासाठी आसने, श्वसन आणि ध्यान केले होते. या सगळ्यांपैकी एकट्या योगाचा वाटा किती, हे त्या प्रयोगातून काढता येत नाही. माणसेही थोडी होती.

भारतात मोठा अभ्यास झाला तो 'योगा-केअर'. २४ रुग्णालये आणि नुकताच हार्ट अटॅक येऊन गेलेले ३,९५९ रुग्ण. निम्म्यांना बारा आठवड्यांत योगावर आधारित १३ सत्रे दिली, बाकीच्यांना नेहमीचा सल्ला. २०२० साली निष्कर्ष छापून आले. मृत्यू, पुन्हा अटॅक, पक्षाघात, तातडीने दाखल व्हावे लागणे या मोठ्या घटनांमध्ये दोन गटांत ठाम म्हणता येईल असा फरक आढळला नाही. अशा घटना अपेक्षेपेक्षा कमी घडल्या, त्यामुळे फरक असलाच तर तो पकडायलाही अभ्यास अपुरा पडला. मात्र योग करणारे रुग्ण आपल्या पूर्वीच्या कामांकडे अधिक चांगले परतले आणि त्यांना स्वतःची तब्येत थोडी बरी वाटत होती.

मला हा निकाल मोलाचा वाटतो. अटॅकनंतर सहा महिने उलटले तरी एकटे बाहेर पडायला धजावत नाहीत अशी माणसे मी पाहते. त्यांचे पंपिंग ठीक असते, स्टेंट उघडा असतो, पण पाय उंबऱ्यापाशी थबकतात. ती आपल्या कामाला लागली तर ते थोडके नाही.

मग शरीरात नेमके काय होते?

हे स्वतःच्या हाताने अनुभवता येते. एका हाताची बोटे दुसऱ्या मनगटावर, अंगठ्याच्या मुळाशी ठेवा आणि नाडी सापडली की सावकाश श्वास घ्या व त्याहून सावकाश सोडा. श्वास आत जाताना ठोके किंचित भरभर पडतात आणि बाहेर जाताना लांबतात. वयानुसार हा फरक कमी होतो, मधुमेहात आणि काही हृदयविकारांतही. त्यामुळे जाणवला नाही तर घाबरू नका. उच्छ्वासाच्या वेळी व्हेगस नावाची मज्जातंतूची जोडी हृदयाला 'जरा दमाने' असे सांगत असते, त्याची ही खूण.

दुसरी यंत्रणा गळ्यात आणि छातीत आहे. मेंदूकडे जाणाऱ्या धमन्यांना जिथे फाटा फुटतो तिथे आणि महाधमनीच्या कमानीत दाब ओळखणारे संवेदक असतात. दाब चढला की ते मेंदूला कळवतात, मग ठोके मंदावतात आणि रक्तवाहिन्या सैलावतात. वर्षानुवर्षे बीपी जास्त असेल किंवा हृदय दुर्बळ झाले असेल, तर ही यंत्रणा बोथट होते. श्वास मिनिटाला सहावर आणला, म्हणजे एक पूर्ण श्वास दहा सेकंदांचा केला, की ती अधिक तत्पर होते. रक्तदाबात एरवीही सुमारे दहा-दहा सेकंदांच्या लाटा येत असतात. श्वासाची लय त्या लाटांशी जुळते.

इटलीतले लुचियानो बर्नार्डी यांनी २००१ साली २३ निरोगी माणसांवर केलेला प्रयोग मला फार आवडतो. त्यांनी लोकांना लॅटिनमधली जपमाळेची प्रार्थना म्हणायला लावली आणि 'ओम मणि पद्मे' हा मंत्रही. दोन्हींत श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास आला आणि हृदयाच्या लयीवर सारखाच परिणाम दिसला. धर्म वेगळे, भाषा वेगळ्या, श्वास एकच. पुढच्याच वर्षी त्यांच्या गटाने हार्ट फेल्युअरच्या, म्हणजे हृदय दुर्बळ झालेल्या, रुग्णांमध्येही सावकाश श्वसनाने दाब ओळखणारी ही यंत्रणा सुधारते, असे दाखवले.

भ्रामरीबद्दलही विचारतात. गुंजारव करताना नाकातल्या हवेत नायट्रिक ऑक्साइड बरेच वाढते, हे मोजलेले आहे, आणि हा वायू रक्तवाहिन्या सैलावतो हेही खरे. पण नाकात वाढलेला वायू हृदयाच्या धमन्या उघडतो, ही उडी कोणी मारू नये. मी भ्रामरी देते ती वेगळ्या कारणाने. गुणगुणताना उच्छ्वास लांबवावाच लागतो, आणि ज्यांना आकडे मोजताना धडधड वाढते त्यांना भ्रामरी सोपी जाते.

बीपी किती उतरते? गोळी बंद करता येईल का?

अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले तर वरचा आकडा सरासरी ५ मिमीच्या आसपास उतरतो. श्वसन आणि ध्यानाची जोड असलेल्या पद्धतींत थोडा जास्त. १६० असलेल्याचे १२० होत नाही, पण ५ मिमीही टिकून राहिले तर दुर्लक्ष करण्याजोगे नाहीत.

आपल्याकडे या विषयावर खूप आधीपासून काम झाले आहे. मुंबईतले हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते आणि सहकाऱ्यांनी १९६९ साली शवासनाचा उच्च रक्तदाबावरचा परिणाम प्रसिद्ध केला. रुग्ण ४७ होते. रोज अर्धा तास शवासन आणि त्यात संथ, पोटाने घेतलेला श्वास. अनेकांचा दाब उतरला, काहींच्या गोळ्यांची मात्रा कमी करता आली. मात्र ती डॉक्टरांनी, मोजून, हळूहळू कमी केली होती.

गोळीचा निर्णय तुमचा नाही आणि माझाही नाही. काही गोळ्या, विशेषतः बीटा ब्लॉकर गटातल्या आणि क्लोनिडीन, एकदम थांबवल्या तर दाब किंवा ठोके उसळी मारतात. घरी बीपी लिहून ठेवा आणि ती वही डॉक्टरांना दाखवा.

मोजतानाही चुका होतात. शवासनातून उठून लगेच मोजलेला ११८ हा तुमचा खरा दाब नव्हे. पाठ टेकून, पाय जमिनीवर सरळ ठेवून (पायावर पाय नको), हात हृदयाच्या पातळीला आधारावर ठेवून पाच मिनिटे शांत बसा, मग मोजा. मिनिटभराने पुन्हा मोजा. मोजताना बोलू नका. सकाळी गोळीच्या आधी आणि संध्याकाळी, असे आठवडाभर मोजले तर काही अर्थ लागतो.

हार्ट अटॅक किंवा ॲन्जिओप्लास्टीनंतर कधी सुरू करावे?

संथ श्वसन आणि शिथिलीकरण दवाखान्यातल्या खाटेवरच सुरू करता येते. आसनांसाठी डॉक्टरांची परवानगी घ्या. प्रकृती स्थिर असेल तर साधारण दोन-तीन आठवड्यांनी खुर्चीतल्या हालचाली सुरू होतात. मनगटातून ॲन्जिओप्लास्टी झाली असेल तर काही दिवस त्या हातावर भार घेऊन ओणवे होणे टाळा, आणि जांघेतून झाली असेल तर खोल बसणे आणि पोट मांडीवर दाबणाऱ्या स्थिती टाळा. किती दिवस, ते जखम पाहून डॉक्टर सांगतील.

छातीत दुखणे वरचेवर होत असेल, विश्रांतीतही होत असेल किंवा वाढत चालले असेल, तर योग नको. आधी दवाखाना.

बायपास झाली आहे. छातीचे हाड जुळेपर्यंत काय करायचे?

छातीचे मधले हाड कापून तारेने बांधलेले असते. ते जुळायला साधारण सहा ते बारा आठवडे लागतात. या काळात हातांवर भार नको, दोन्ही हात मागे खेचणे नको, भुजंगासन नको, छाती ताणून उघडणारे काहीच नको.

पण एक काम याच काळात करायचे असते. बायपास झालेला माणूस खुर्चीत कसा बसतो ते पाहा. खांदे पुढे आलेले, हनुवटी खाली, एक तळहात व्रणावर. खोकल्याच्या भीतीने श्वास गळ्यापाशीच अडवलेला. मी त्यांना तो तळहात काढायला सांगत नाही. उलट दुसराही तळहात खाली, बरगड्यांच्या कडेला ठेवायला सांगते आणि श्वास त्या खालच्या हातापर्यंत येऊ द्या म्हणते. पहिले दोन दिवस खालचा हात हलतच नाही. मग एके दिवशी सूतभर हलतो, आणि ते माझ्याकडे पाहतात. हा श्वास फुप्फुसांच्या तळापर्यंत गेला तर तिथे साचलेला कफ सुटायला मदत होते. खोकला आलाच तर उशी छातीशी घट्ट धरून खोका. घोट्याच्या हालचाली, मान सावकाश वळवणे, खांदे दुखणार नाहीत एवढेच वर-खाली करणे यालाही हरकत नसते. छातीच्या हाडातून 'कट' असा आवाज किंवा सरकल्यासारखे जाणवले तर सर्जनना दाखवा.

पेसमेकर आहे, चालेल?

चालेल. बसवल्यानंतर पहिले चार ते सहा आठवडे त्या बाजूचा हात खांद्याच्या वर नेऊ नका, कारण आतली तार पक्की बसायची असते. पण खांदा पूर्ण बांधूनही ठेवू नका, नाहीतर आखडतो. पुढेही त्या जागेवर दाब येईल असे पालथे झोपणे टाळलेले बरे. आयसीडी, म्हणजे ठोके धोकादायक बिघडले तर आतून विजेचा झटका देणारे यंत्र, बसवलेल्यांनी कोणत्या ठोक्यांवर झटका लावून ठेवला आहे ते डॉक्टरांकडून जाणून घ्यावे.

पंपिंग कमी आहे. हार्ट फेल्युअरमध्ये योग करावा का?

प्रकृती स्थिर असेल, औषधे बसलेली असतील, तर करावा, पण इथे नेहमीचे ठोकताळे उलटे पडतात, म्हणून थोडे सविस्तर सांगते.

पाय भिंतीला लावून आडवे होणे थकलेल्या माणसाला छान वाटते. पण त्यात पायांतले रक्त एकदम हृदयाकडे येते. दुर्बळ हृदयाला ती आवक पेलत नाही आणि दम लागतो. म्हणून विपरीत करणी नको, साधी भिंतीला पाय लावलेली सुद्धा नको. पुढे वाकण्याचेही तसेच. बुटाची नाडी बांधायला वाकल्यावर अर्ध्या मिनिटात धाप लागणे हे हार्ट फेल्युअरचे ओळखीचे लक्षण आहे. अशा माणसाला पश्चिमोत्तानासन किंवा बालासन देणे चूक. तुमचा शिक्षक "जमेल तेवढे वाका" म्हणत असेल तर त्याला हे सांगा.

शवासन अर्धवट बसून करा. पाठीमागे लोड किंवा तीन उशांचा उतार, गुडघ्यांखाली लहान उशी. उभ्याने ताडासन, खुर्चीला धरून टाचा उचलणे, बसून हातांच्या हालचाली, आणि हालचालीइतकाच विसावा. पाच मिनिटे हालचाल, दोन मिनिटे नुसते बसणे.

रोज सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी वजन करा. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढले तर ते अंगात साचलेले पाणी समजा आणि डॉक्टरांना कळवा. त्या दिवशी चटई घालू नका.

एट्रियल फिब्रिलेशन म्हणजे अनियमित ठोके. त्यात उपयोग होतो का?

ज्यांचे ठोके अधूनमधून बिघडतात आणि पुन्हा लयीत येतात, अशा ४९ रुग्णांवरचा एक अमेरिकी अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. तीन महिने नुसते निरीक्षण, मग तीन महिने आठवड्यातून दोनदा योग. योगाच्या काळात ठोके बिघडण्याचे प्रसंग कमी आले, चिंता कमी झाली. अभ्यास लहान होता आणि तुलनेला स्वतंत्र गट नव्हता, हेही लक्षात ठेवा. रक्त पातळ करणारी गोळी मात्र चालूच ठेवायची. ती ठोक्यांसाठी नसते, गुठळी होऊन पक्षाघात येऊ नये म्हणून असते. ती गोळी घेणाऱ्यांनी तोल जाणारी आसने भिंतीजवळच करावीत, कारण पडल्यावर साधा मुका मारही महागात पडतो.

कपालभाती, भस्त्रिका, कुंभक करावे का?

हृदयविकार, अनियंत्रित बीपी, महाधमनीचा फुगवटा, पूर्वीचा पक्षाघात यांपैकी काही असेल तर नको. रोज सकाळी कपालभातीची हजार आवर्तने करणारे एक गृहस्थ माझ्याकडे आले होते. अटॅकनंतर दोन महिन्यांनी त्यांनी ते पुन्हा सुरू केले होते, कारण "त्यानेच तर मी इतकी वर्षे ठणठणीत होतो." त्यांची निष्ठा मला समजते. पण दुखावलेल्या हृदयाला पोटाचे ते झटके आणि वाढलेला वेग यांची गरज नसते.

कुंभकाची, म्हणजे श्वास कोंडून धरण्याची, गोष्ट ऐकण्यासारखी आहे. योगी स्वतःचे हृदय थांबवू शकतात, अशी ख्याती होती. वेंगर, बागची आणि आनंद या संशोधकांनी भारतात ईसीजी लावून ते तपासले आणि १९६१ साली निष्कर्ष छापले. मनगटावरची नाडी खरेच लागेनाशी होत होती, पण ईसीजीवर हृदय चालूच होते. श्वास कोंडून, छाती-पोटाचे स्नायू आवळून त्यांनी छातीतला दाब इतका वाढवला होता की हृदयाकडे परतणारे रक्तच जवळजवळ अडले, मग बाहेर फेकायला फारसे उरले नाही. अनुभवी, निरोगी योग्याने ते केले. ज्यांच्या धमनीत अडथळा आहे त्यांनी श्वास कोंडून जोर लावला तर हेच थोड्या प्रमाणात घडते. रक्तदाब आधी चढतो, मग घसरतो, आणि श्वास सोडल्यावर काही क्षणांत पुन्हा उसळतो. म्हणून कुंभक नको, बंध (श्वास रोखून स्नायू आवळून धरणे) नकोत, आणि कोणत्याही आसनात नकळत श्वास धरला जात असेल तर ते आसनही नको. शौचाला जोर करणे आणि जड वस्तू उचलताना श्वास रोखणे यांनाही हाच नियम.

अनुलोम-विलोम चालेल, कुंभकाविना. चार मोजत घ्या, सहा मोजत सोडा. गुदमरल्यासारखे झाले तर तीन आणि चार करा.

शीर्षासन, सर्वांगासन?

नको. काचबिंदू किंवा डोळ्याच्या पडद्याचा आजार असेल तर डोळ्यांसाठीही नको.

व्हेरिकोज व्हेन्स आहेत, पाय सुजतात. काय करता येईल?

पायांतले अशुद्ध रक्त वर चढते ते मुख्यतः पोटरीच्या स्नायूंच्या जोरावर. शिरांमधल्या झडपा ते खाली घसरू देत नाहीत. झडपा ढिल्या झाल्या की रक्त साचते आणि शिरा फुगतात. योगाने झडपा नव्या होत नाहीत, पण पोटरीचा पंप चालवता येतो. टाचा उचलणे-टेकणे वीस वेळा, दिवसातून चार-पाचदा. आडवे होऊन घोटे पुढे-मागे. हृदय चांगले असेल तर दहा मिनिटे पाय उशांवर किंवा भिंतीला. वज्रासनात फार वेळ बसणे टाळा. संथ खोल श्वासानेही मदत होते, कारण छाती आणि पोट यांमधला श्वासपटलाचा पडदा खाली जाताना छातीतला दाब घटतो आणि रक्त वर ओढले जाते.

एकच पाय अचानक सुजला, पोटरी दुखते, गरम किंवा लाल आहे, तर मालीश नको, आसन नको. शिरेत गुठळी असू शकते. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. सोबत दम लागला किंवा छातीत दुखले तर थेट रुग्णालय गाठा.

चालताना पोटरी भरून येते, थांबले की बरे वाटते. तो स्नायूंचा ताठरपणा आहे का?

बहुधा नाही. थोडे चालून दुखणे आणि उभे राहताच थांबणे हे पायाच्या धमन्या अरुंद झाल्याचे लक्षण असू शकते. पायाचा ताण काढण्यात महिने घालवू नका, तपासून घ्या. यात सगळ्यात गुणकारी व्यायाम चालणेच आहे. दुखेपर्यंत चालायचे, थांबायचे, पुन्हा चालायचे. योग त्याला पूरक. हा आजार असलेल्यांनी पाय फार वेळ हृदयाच्या वर ठेवू नयेत. आधीच कमी पोहोचणारे रक्त आणखी कमी पोहोचते.

आसनातून उठताना चक्कर येते.

बीपीच्या, लघवी वाढवणाऱ्या आणि प्रोस्टेटच्या काही गोळ्यांनी उभे राहताना दाब घसरतो. शवासनातून एकदम उठू नका. कुशीवर वळा, तीन-चार श्वास थांबा, हाताच्या आधाराने बसा, पुन्हा थांबा, खुर्ची धरून उभे राहा. रोज येत असेल तर बसून आणि उभे राहून अशा दोन्ही वेळा बीपी मोजा आणि डॉक्टरांना आकडे सांगा.

नाडीचे ठोके कितीपर्यंत जाऊ द्यावेत?

बीटा ब्लॉकर घेत असाल तर घड्याळावरचा आकडा फसवा असतो, ठोके फारसे चढत नाहीत. त्यापेक्षा बोलून पाहा. करता करता पूर्ण वाक्य बोलता यायला हवे. शब्द तुटू लागले की वेग कमी करा.

चालणे बंद करून फक्त योग केला तर?

असे करू नका. सावकाश केलेल्या हठयोगाचा श्रम साधारण अडीच मेट, म्हणजे स्वस्थ बसण्याच्या अडीचपट. झपाझप चालण्याचा त्याहून जास्त. आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम हवा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते आणि संथ योग त्यात मोजता येत नाही. तुम्हाला किती चालायचे ते डॉक्टर ठरवतील. सूर्यनमस्काराचा श्रम थोडा जास्त असतो, पण डोके वारंवार खाली-वर होते. म्हणून मी आधी खुर्चीला धरून करायचा सोपा प्रकार देते, तोही बऱ्याच आठवड्यांनी.

शंखप्रक्षालन, उपवास, चूर्णे?

शंखप्रक्षालनात मिठाचे पाणी पेल्यांवर पेले प्यायचे असते. बीपी, हार्ट फेल्युअर किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर ते धोक्याचे आहे. नुसत्या जलनेतीला सहसा हरकत नसते. चूर्णांबाबत एवढेच सांगते की 'नैसर्गिक' म्हणजे निरुपद्रवी नव्हे. ज्येष्ठमध जास्त दिवस घेतले तर बीपी वाढते आणि पोटॅशियम घटते. जे काही घेत असाल ते डॉक्टरांना सांगा, ते रागावतील म्हणून लपवू नका.

शिक्षक कसा ओळखावा?

पहिल्या भेटीत तो विचारतो किती आणि सांगतो किती, ते पाहा. गोळ्यांची यादी न पाहता आसन सुरू करणारा, गोळ्या सोडायला सांगणारा, "दुखू द्या, सहन करा" म्हणणारा नको. छातीत दुखल्यास काय करायचे, हे त्याला विचारा. उत्तर लगेच यायला हवे.

कधी थांबायचे?

छातीत, जबड्यात, डाव्या हातात किंवा पाठीत दाब आला, थंड घाम फुटला, दम लागला, डोळ्यांपुढे अंधारी आली, ठोके एकाएकी सुटल्यासारखे झाले, तर तिथेच थांबा आणि बसा. डॉक्टरांनी जिभेखालची गोळी दिली असेल तर त्यांनी सांगितल्याप्रमाणे बसूनच घ्या. पाच मिनिटांत उतरले नाही तर रुग्णवाहिका बोलवा. चेहरा एका बाजूला झुकला, हात उचलेना, बोलणे अडखळले, तर एक मिनिटही वाट पाहू नका. स्त्रियांमध्ये, वयस्करांमध्ये आणि मधुमेह असलेल्यांत छातीत न दुखताही अटॅक येतो. नुसती मळमळ, विलक्षण थकवा, दम एवढेच असते. "पित्त असेल" म्हणून श्वसन करत बसू नका.

शवासनात झोप लागते. चालेल का?

चालेल. अटॅकनंतर कित्येकांची रात्रीची झोप उडालेली असते. अंधारात स्वतःचे ठोके ऐकत पडून राहतात. अशा माणसाला दुपारी माझ्यासमोर दहा मिनिटे डोळा लागला तर मी उठवत नाही. पंखा कमी करते, पायांवर चादर टाकते आणि शेजारी बसून पोट वर-खाली होताना पाहते. पण रोज झोप लागत असेल आणि घोरताना मध्येच श्वास अडकतो असे घरचे सांगत असतील, तर स्लीप ॲप्नियाची तपासणी करून घ्या. रात्री श्वास अडकत राहिला तर दिवसभराच्या औषधांनीही बीपी आवरत नाही.